ट्रिगर फिश गोगलगाई आणि श्रिंप मारतो, थांबतो, मग परत सुरू होतो: आमच्या टँकमध्ये शेवटी काय निघालं

मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याचा, कोरल असलेला टँक) ट्रिगर आहे किंवा जे घ्यायचा विचार करताहेत त्यांनी पूर्ण वाचा, कारण हा प्रॉब्लेम असा आहे की दहा-बारा दिवस सगळं छान चालतं, आपल्याला वाटतं सुटला एकदाचा, आणि मग एका सकाळी टँकची लाईट लागते तर वाळूवर रिकामा शंख पडलेला. परत काही दिवस शांत, परत शंख. माझे सहा-सात महिने यात गेले, मासा देऊन टाकायचं ठरलं होतं, घेणारा पण सापडला होता, आणि कारण निघालं आमच्या स्वयंपाकघरात.

आधी टँकबद्दल. नाशिक, इंदिरानगर, तळमजला. टँक ५ बाय २ बाय २ फूट, म्हणजे काचेच्या मापानं ५६६ लिटर, रॉक आणि वाळू धरून पाणी त्याहून बरंच कमी. खाली सम्प (पाणी साफ करायची खालची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), चीटो (नायट्रेट शोषणारं शेवाळ) लावलेला एक छोटा कप्पा. रॉक सगळा ड्राय, माणसानं बनवलेला. समुद्रातला लाईव्ह रॉक आणि आपल्याकडचे दगडी कोरल मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका, असे कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, कोणी कितीही गोड बोलून देत असला तरी नको. माझ्याकडे झोआ, मशरूम आणि एक मोठा लेदर, हे दगडी नसलेले कोरल एवढंच आहे. मासे थोडे: क्लाउनची जोडी, एक यलो टँग, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबईहून आणलेला ब्लू थ्रोट ट्रिगर, नर, तेव्हा साधारण ४ इंच. कसारा घाट चढून पिशवीत आला होता, दोन दिवस रॉकच्या मागे आडवा पडून होता, आई म्हणाली गेला बहुतेक, आणि तिसऱ्या दिवशी बाहेर आला तो असा की हातातली चिमूट बघून काचेपाशी येऊन थांबायला लागला. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर लाटेसारखा हलवत तो पोहतो, शेपूट जवळजवळ वापरतच नाही, आणि दोन डोळे वेगवेगळे फिरवून एकानं तुमच्याकडे आणि दुसऱ्यानं वाळूकडे बघतो. ज्यानं एकदा ट्रिगर पाळला त्याला दुसरा मासा फिका वाटतो, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आता लक्षणं. फेब्रुवारीच्या शेवटी पहिला टर्बो (शेवाळ खाणारी गोगलगाय) गेला. मला वाटलं म्हातारा झाला असेल. मार्चमध्ये अजून दोन, मग पंधरा दिवस काहीच नाही. एप्रिलमध्ये एकदम वाढलं. जुलैत स्कंक क्लीनर श्रिंपची जोडी, जी ट्रिगरच्या आधीपासून टँकमध्ये होती आणि त्याच्या गालावर चढून साफसफाई करायची, त्यातला एक गायब. ऑगस्टमध्ये दुसरा.

मी काय काय शोधलं ते सांगतो, कारण तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं आणि हे तपासल्याशिवाय डायरेक्ट ट्रिगरवर नाव घालू नका. पहिलं पाणी. गोगलगाई आणि श्रिंप सॅलिनिटीच्या चढउताराला माशांपेक्षा लवकर बळी पडतात. आमच्याकडे १.०२५ होतं, रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन लिक्विडनं तपासला, बरोबर निघाला (डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवला म्हणजे वर पण बरोबर दाखवेल असं समजू नका). नायट्रेट ८ च्या आसपास, कॉपर शून्य. दुसरं म्हणजे मँटिस श्रिंप (ठोसे मारून शंख फोडणारा शिकारी) किंवा खेकडा. ड्राय रॉकमधून यायची शक्यता कमी, पण झोआच्या फ्रॅगसोबत (कोरलच्या विकतच्या तुकड्यासोबत) येऊ शकतो. रात्री लाईट गेल्यावर तासाभरानं लाल टॉर्च घेऊन चार रात्री बसलो, टकटक आवाज आला नाही, काही दिसलं नाही. तिसरं हर्मिट. हर्मिट क्रॅब शंखासाठी गोगलगाय मारतो, त्यामुळे जास्तीचे रिकामे शंख टाकून ठेवले, फरक शून्य.

मग मी रिकामे शंख धुऊन भिंगाखाली बघायला सुरुवात केली आणि हे खरंच कामाचं आहे. गोगलगाय आपली आपण मेली असेल तर शंख अख्खा असतो आणि आत मांस राहिलेलं असतं, वास येतो. शंखाला बारीक गोल भोक असेल तर शिकारी गोगलगाय आलीये समजा. शंख फुटून तुकडे असतील तर मँटिस, किंवा ताकदीचा मोठा ट्रिगर. माझ्याकडचे शंख अख्खे, आतून एकदम स्वच्छ, पुसल्यासारखे, आणि फक्त तोंडाच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला. प्रत्येक शंखाला तसाच. म्हणजे कोणीतरी गोगलगाय उलटी करतोय, कडेला दात लावतोय आणि मांस ओढून काढतोय.

ट्रिगरच्या वरच्या जबड्यात बाहेरच्या ओळीत आठ दात असतात, छिन्नीसारखे, आणि त्यामागे आतल्या बाजूला अजून सहा चपटे. या घराण्यातले बरेचसे मासे समुद्रात खेकडे, शिंपल्या, अगदी काटेरी अर्चिनसुद्धा खातात, तोंडातून पाण्याची पिचकारी मारून अर्चिन उलटा करतात आणि खालच्या मऊ बाजूनं फोडतात. ब्लू थ्रोट मात्र त्यातला सौम्य. हा झँथिक्थिस जातीतला, समुद्रात रीफच्या बाहेरच्या उतारावर उघड्या पाण्यात कळपानं राहतो आणि प्रवाहातून वाहत येणारे बारीक जीव टिपतो. तोंड पण बघा, वरच्या बाजूला झुकलेलं, समोरून येणारं टिपायला बनलेलं. म्हणूनच तो रीफ टँकमध्ये चालतो असं म्हणतात. आणि म्हणूनच मी चक्रावलो होतो, की हा मासा वाळूवरची गोगलगाय उलटी करायला खाली का जातोय, आणि रोज न जाता मधूनच का जातोय.

जुना मोबाईल टँकसमोर लावून दिवसभर रेकॉर्डिंग केलं. पहिले तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, सापडलं. तो आधी बराच वेळ टँकच्या उजव्या कोपऱ्यात वर तोंड करून थांबलेला, जिथून आम्ही खाणं टाकतो तिथंच. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग हळूहळू खाली आला, काचेवर बसलेल्या टर्बोकडे तिरका होऊन एका डोळ्यानं बघितलं, बाजूनं टोचा मारला, टर्बो सुटून वाळूवर उताणा पडला, यानं जवळून एक पिचकारी मारली, वाळू उडाली, टर्बोनं पाय आत ओढला. हा थांबला. टर्बोनं सरळ व्हायला पाय परत बाहेर काढला आणि त्याच क्षणी यानं धरला. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. एवढा प्रेमळ मासा आणि एवढ्या शांतपणे करतोय हे बघून वाईट वाटलं, खरं सांगतो, आणि त्याच रात्री मी ठरवलं की हा द्यायचा.

आता इथं मुख्य गोष्ट. टँकमधलं काहीही गेलं की मी कालनिर्णयवर त्या तारखेला छोटी फुली करतो. जुनी सवय आहे, आई दुधाचा हिशोब तिथंच लिहायची. ३० ऑगस्टला रक्षाबंधन, ताई आली होती, तिला मी कालनिर्णय उघडून फुल्या दाखवत होतो की बघ किती नुकसान झालंय. ती बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, या सगळ्या मंगळवारी आणि शुक्रवारीच आहेत की." मग पानं मागे उलटली. फेब्रुवारी ते जून जवळपास सगळ्या फुल्या मंगळवार सकाळ, शुक्रवार सकाळ, नाहीतर संकष्टीच्या किंवा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. आणि १८ जुलैपासून कुठल्याही वारी. १८ जुलैला त्या वर्षी अधिक श्रावण लागला होता, त्यानंतर निज श्रावण, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दोन महिने श्रावणच.

ताईनं आईला विचारलं, "आई, उपासाच्या दिवशी माशाला कोण घालतं गं?"

आई म्हणाली, "मी नाही बाई त्या दिवशी कोळंबीच्या डब्याला हात लावत."

झालं असं होतं. मी सातपूरला कामाला, सकाळी ८ ला निघतो, रात्री ८ ला येतो. सकाळी मी थोडे पेलेट (कोरडं दाणेदार खाणं) टाकायचो, दुपारी १२ ला आणि ४ ला आई बारीक चिरलेली कोळंबी टाकायची, रात्री मी परत. माझ्या डोक्यात हिशोब की मासा दिवसातून चार वेळा खातोय. पण सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी या दिवशी आई फ्रीजमधला कोळंबीचा डबा काढत नव्हती, आणि मी समजत होतो की त्या दिवशी ती पेलेट टाकत असेल. पेलेट ती कधीच टाकत नव्हती, कारण डबीचा वास घेतला तर माशाचाच येतो, आणि ते बरोबरच आहे, त्यात फिशमील असतंच. रात्री मी पण त्या दिवशी डबा काढत नसे, पेलेट टाकायचो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रिगर पेलेट खात होता असं मला वाटायचं. व्हिडिओ नीट बघितला तर तो तोंडात घेत होता, चावत होता आणि गिलांतून भुसा बाहेर सोडत होता. पोटात जवळजवळ काही जात नव्हतं. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस हा मासा उपाशी, आणि अधिक श्रावण लागल्यावर तर घरात कोळंबी येणंच बंद, दोन महिने नुसता पेलेटचा भुसा आणि मी अधूनमधून टाकलेला फ्रोझन ब्राइन श्रिंप.

जो मासा निसर्गात दिवसभर थोडं थोडं टिपत असतो त्याला बारा-चौदा तासांचा खंड म्हणजे उपासमार आहे. तो जे समोर आहे त्यावर जाणारच. आणि एप्रिलमध्ये वाढ का झाली त्याचं पण उत्तर मिळालं. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो, माझ्याकडे चिलर नाही, पंख्यावर चालवतो, पाणी २६ वरून २८.५ पर्यंत जायचं. पाणी तापलं की माशाची पचनाची गती वाढते, भूक वाढते, खाणं तेवढंच राहिलं तर शिकार वाढते. दोन कारणं एकावर एक बसली होती.

तर तुमच्याकडे असं मधूनमधून होत असेल तर पहिलं काम हे करा, टेस्ट किट काढायच्या आधी. जे काही मेलं त्याच्या तारखा कॅलेंडरवर टाका आणि त्या शेजारी खरंच कोणी, किती वाजता, काय खायला घातलं ते घरातल्या प्रत्येकाला विचारून लिहा. अंदाजानं नको. कोणाकडे उपास असेल, कोणाकडे शनिवार-रविवार गावी दिंडोरीला, निफाडला जाणं असेल, कोणाकडे मुलांच्या परीक्षेत दुपारचं खाणं विसरत असेल. ऑटो फीडर असेल तर तो खरंच पाडतोय का ते उभं राहून बघा. पावसाळ्यात टँकवरच्या दमट हवेनं पेलेट चिकटतात, ड्रम फिरतो आणि खाली काहीच पडत नाही. मी तर फीडर ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पमध्ये उतरायची जागा) वरून हलवून लांबच्या कोपऱ्यात लावला आणि आता एका वेळी तीन दिवसांचंच भरतो.

दुरुस्ती काय केली. आईला मी म्हटलं की वेगळा छोटा डीप फ्रीज आणतो, टँकच्या खोलीत ठेवतो, स्वयंपाकघराशी संबंध नको. तिचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ती म्हणाली, "माझा उपास आहे, त्या मुक्या जिवाचा नाही. मला आधी सांगितलं असतंस तर मीच बोलले असते." जुना छोटा फ्रीज मिळाला. रविवारी संध्याकाळी मी बाहेर ओट्यावर बसून सगळं करतो: सालीसकट कोळंबी, थोडा माकूल, तिसऱ्यांचं मांस, सगळं बारीक चिरून, आरओच्या पाण्यात दोनदा खळबळून, बर्फाच्या ट्रेमध्ये. ट्रेचा एक खण म्हणजे एका वेळचं खाणं. एकच एक वस्तू रोज घालू नका, नुसती कोळंबी किंवा नुसत्या तिसऱ्या असं नको, आणि बांगड्यासारखा तेलकट मासा तर अजिबात नको, पाण्यावर तवंग येतो आणि स्किमर कोसळतो. नाशिकला समुद्राची मासळी बर्फात येते, त्यामुळे घेताना वास घेऊन घ्या, मीठ-हळद लावलेली चुकून घेऊ नका. आठवड्यातून एकदा एक अख्खी तिसरी अर्धी उघडून टाकतो, शिंपलीसकट, तो ती चावत बसतो, दात झिजायला चांगलं, आणि तेवढा वेळ त्याचं डोकं कामात असतं. ट्रिगरला कामाची गरज असते, हा मासा विचार करतो.

उपासाच्या दिवशी दुपारी माझी मुलगी शाळेतून आली की एक खण वितळवून टाकते. ४ वाजता ऑटो फीडर. पेलेट खायला शिकवायला तीन आठवडे लागले: कोळंबी वितळल्यावर जे पाणी उरतं त्यात पेलेट दहा मिनिटं भिजवून, कोळंबीच्या तुकड्यांत मिसळून, आधी थोडे, मग जास्त. ज्या दिवशी त्यानं भुसा न सोडता पेलेट गिळला तो दिवस मी कालनिर्णयवर टिक केलाय.

याचा एक तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. खाणं वाढलं की घाण वाढते. महिन्याभरात नायट्रेट ८ वरून ३० ला गेलं, काचेवर हिरवी साय रोज यायला लागली, मशरूम खूश पण झोआ थोडे मिटले. स्किमरचा कप एक दिवसाआड धुतला, दर रविवारी साधारण १० टक्के पाणी बदललं, चीटोची लाईट दोन तास वाढवली, दोन महिन्यांत १२-१५ वर येऊन थांबलं. पावसाळ्यात आपल्या नळाच्या पाण्याचा गढूळपणा वाढतो, आरओचा पहिला फिल्टर महिन्यात चहाच्या रंगाचा होतो, तो बदलायला कंजूषी करू नका, नाहीतर मेम्ब्रेन जातं आणि टीडीएस वर चढतो, आणि मग तुम्ही नायट्रेटचं कारण माशात शोधत बसाल. उन्हाळ्यात पंखा आपल्याकडे चांगला चालतो कारण हवा कोरडी असते, पण पाणी बाष्प होऊन झपाट्यानं कमी होतं, ऑटो टॉप ऑफची (कमी झालेलं पाणी आपोआप भरणारी) बादली रोज बघा. जूननंतर हवा दमट झाली की तोच पंखा अर्धंच काम करतो.

समजा खाणं व्यवस्थित आहे आणि तरी मारतोय, तर जात तपासा. दुकानात सगळ्यांना एकच शब्द, ट्रिगर. माझ्या ओळखीत सिडकोतल्या एकाला मुंबईत एका दुकानदारानं रीफ सेफ म्हणून हिरव्या अंगावर नारिंगी रेघा असलेला दिला. तो अनड्युलेटेड, बॅलिस्टेपस अन्ड्युलेटस, अत्यंत भांडखोर, त्यानं आठवड्यात हर्मिट संपवले, फ्रॅग उचलून फेकले आणि हीटरची वायर चावली. त्याला कितीही खायला घाला, तो तसाच वागणार, त्याची जागा रीफमध्ये नाही. क्लाउन ट्रिगर लहानपणी इतका सुंदर दिसतो की मोह आवरत नाही, पण तो समुद्रात ५० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि मोठा झाला की टँकमधल्या कोणाचंच खरं नाही. पिकासो पण गोगलगाई आणि खेकडे खाणाराच. रीफसाठी विचार करायचाच तर ब्लू थ्रोट, क्रॉसहॅच (फार महाग), किंवा पिंकटेल, तो पण मोठा टँक असेल तर.

नायजरच्या नावात मोठा घोळ आहे. दुकानात नायजर म्हणतात तो निळा, लाल दातांचा ओडोनस नायजर. मेलिक्थिस नायजर हा वेगळा, काळा, परांच्या मुळाशी पांढरी-निळसर रेघ असलेला. नावावर जाऊ नका, फोटो मागवा. गंमत म्हणजे ओडोनस नायजर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगानं येतो आणि फिशमीलला जातो, आणि तोच मासा आपण पिशवीत ऑक्सिजन भरून हजारो रुपयांना आणतो. स्वभावानं तो बरा आहे, पण वाढतो, चार फुटी टँकमध्ये कोंडू नका. माझ्या मते ब्लू थ्रोटला पण पाच फूट हे कमीत कमी आहे, सहा असेल तर उत्तम.

श्रिंप परत कसे आणले ते विचारणारे बरेच असतील. नियम साधा आहे, श्रिंप आधी, ट्रिगर नंतर. पण ज्यांच्याकडे ट्रिगर आधीच आहे त्यांनी नवीन श्रिंप पिशवीतून सरळ सोडला तर त्याच्यासाठी ते वरून पडणारं खाणंच आहे, रोज वरूनच तर पडतं ना. मी जानेवारी २०२४ मध्ये दोन मोठे स्कंक क्लीनर आणले, टँकच्या आतच भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात दहा दिवस ठेवले, आणि ट्रिगरला रोज त्या डब्याच्या शेजारीच खायला घातलं. पहिले दोन दिवस तो डब्याला नाक लावून होता, पाचव्या दिवशी बघेना. मग रात्री लाईट गेल्यावर, तो झोपल्यावर, टँकच्या दुसऱ्या टोकाला अरुंद कपारीशी सोडले. कात टाकल्यावर श्रिंप एक-दोन दिवस मऊ असतो आणि लपून बसतो, त्या दिवसांत खाणं थोडं जास्तच घाला. पेपरमिंट किंवा सेक्सी श्रिंपसारखे छोटे आणूच नका, ते राहत नाहीत. टर्बो आणि अ‍ॅस्ट्रिया या गोगलगाई पण मी आता घेत नाही, उताणे पडले की अ‍ॅस्ट्रियाला सरळ होता येत नाही आणि टर्बोला पण वेळ लागतो. सेरिथ आणि नॅसॅरियस चांगले, स्वतः सरळ होतात, वाळूत घुसतात, आणि आजपर्यंत त्यातला एकही त्याच्याकडून गेलेला नाही.

मासा बाहेर काढायची वेळ आली तर जाळी वापरू नका. त्याच्या पाठीवरचा पहिला काटा उभा राहिला की दुसरा छोटा काटा मागून खिट्टीसारखा बसतो, मग पहिला दाबून पडत नाही, दुसरा दाबला तरच पडतो, त्यावरूनच ट्रिगर हे नाव. रात्री कपारीत शिरून असाच काटा लावून तो स्वतःला अडकवून झोपतो. जाळीत तो काटा अडकला की मासा आणि जाळी दोन्ही कापायची वेळ येते. मी त्याला द्यायचं ठरवलं होतं तेव्हा असंच जाळीत अडकवलं होतं, तो घुर्र घुर्र आवाज करत होता, पाण्याबाहेर सुद्धा ऐकू येत होता, शेवटी कात्रीनं जाळी कापून सोडवला, त्याच्या परावर अजून एक छोटी खाच आहे. मोठा प्लास्टिकचा डबा पाण्यात तिरका धरा, आत खाणं ठेवा, दोन-तीन दिवस त्याला आत येऊन खायची सवय लावा, मग उचला. बोट तोंडाजवळ नको. आणि हीटरला जाळीचं कव्हर घाला, वायरी सम्पमध्ये न्या. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जातो, तेव्हा हीटर रात्रभर चालतो आणि वायर चावली गेली तर मासा आणि तुम्ही दोघांना धोका.

सध्याची परिस्थिती: सप्टेंबर २०२३ नंतर कालनिर्णयवर ट्रिगरच्या नावाची एकच फुली आहे, कात टाकलेल्या दिवशी गेलेला एक श्रिंप, आणि तो त्यानंच नेला का हे कॅमेऱ्यात दिसत नाही. दुसरा श्रिंप त्याच्या गालावर बसतो, त्याचे गिल साफ करतो, तो तोंड उघडून स्थिर राहतो. २०२४ चा श्रावण गेला, एक पण शंख रिकामा नाही. राहिलेला प्रॉब्लेम एकच आहे, झोपायला तो पॉवरहेडच्या (पाणी ढवळणारा पंप) मागच्या कपारीत जातो आणि आत शिरताना झोआचा दगड दर दोन-तीन दिवसांनी पाडतो. इपॉक्सी पुट्टी लावून बघितली, सुटली. या रविवारी दगडाला भोक पाडून प्लास्टिकच्या दांड्यावर बसवणार आहे आणि त्याच्यासाठी शेजारी ३ इंची पीव्हीसीचा तुकडा वाळूत पुरून ठेवणार आहे, बघू तिकडे झोपायला जातो का.